केसांना काय लावू?

भगवान ऋषभदेवांनी माणसाला जी पाच मूळ शिल्पं शिकवली, त्यांत कुंभाराचं, लोहाराचं, चिताऱ्याचं आणि विणकराचं शिल्प आहे. पाचवं न्हाव्याचं. श्वेतांबर परंपरेतल्या कथांमध्ये हे स्पष्ट येतं, हेमचंद्राचार्यांनीही सांगितलं आहे: माणसांचे केस आणि नखं वाढू लागली, म्हणून हे शिल्प आलं. मला ही यादी फार आवडते. भांडं, अवजार, चित्र, कापड, आणि त्यांच्याच पंगतीला केस कापणं. आपण मात्र पुढे हजारो वर्षं त्या कामाला हलकं ठरवलं आणि आज पार्लर चालवणाऱ्या मुलीचं लग्न जमवताना तिचे वडील “घरीच थोडं काहीतरी करते” असं सांगतात.

गंमत म्हणजे त्याच ऋषभदेवांच्या मूर्तीत खांद्यावर रुळणाऱ्या जटा दिसतात. दीक्षेच्या वेळी चार मुठी केस उपटून झाले, पाचवी मूठ तशीच राहू द्या अशी इंद्राने विनंती केली, अशी कथा आहे. चोवीस तीर्थंकरांत लांब केसांवरून ओळखू येणारे तेच. मंदिरात आपण रोज बघतो, पण केसांकडे कुठे लक्ष जातं!

केशरचनेचा धंदा करणारी स्त्री कथेत शोधायला गेलं तर मला आधी आठवते ती द्रौपदी. अज्ञातवासात विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, ती सैरंध्री म्हणून गेली. काय काय येतं ते तिने नेमकं सांगितलं: केस विंचरून बांधता येतात, उटी छान वाटता येते, फुलांच्या तऱ्हेतऱ्हेच्या माळा गुंफता येतात. आधी सत्यभामेकडे काम केलं आहे, हाही दाखला दिला. आणि मग अटी घातल्या. उष्टं खाणार नाही, पाय धुणार नाही. बायांनो, यात दासीपण कुठे आहे? कामाचा अनुभव आणि कामाच्या शर्ती, दोन्ही तिने समोर ठेवल्या. सैरंध्री म्हणजे स्वतःच्या कलेवर दुसऱ्याच्या घरी राहणारी, पण विकली न गेलेली बाई. जिचे केस भर सभेत ओढले गेले तिने पोटासाठी दुसरीचे केस विंचरण्याचं काम निवडावं, आणि स्वतःचे केस मात्र उजव्या बाजूला गुंडाळून लपवावे, हे व्यासांना सुचलं कसं कोण जाणे. आपल्याकडे जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणात पांडवांची कथा आहे, पण सैरंध्रीसाठी मी महाभारताकडेच जाते.

आता सल्ल्याकडे येऊ. पांढऱ्या केसांवर लिहून ठेवलेला एक जुना आणि तपशीलवार सल्ला आपल्याच मध्यप्रदेशातला आहे. सहाव्या शतकातला, उज्जैनच्या वराहमिहिराचा. ज्योतिषाचा एवढा मोठा पंडित, पण बृहत्संहितेत त्याने सुगंध आणि केशरंगावर अख्खा अध्याय लिहिला. त्याचं म्हणणं असं की डोकं पांढरं असेल तर माळ, अत्तर, वस्त्र, दागिना काहीच खुलत नाही, म्हणून आधी केसांचं बघा. कृती अशी: लोखंडी भांड्यात कोदोचे दाणे लोखंडाच्या भुकटीसह आंबवलेल्या आंबट पाण्यात शिजवायचे, बारीक वाटायचे, आंबट पाण्याने केस भिजवून त्यावर हा लेप द्यायचा आणि वरून ओली पानं गुंडाळायची. दोन प्रहर, म्हणजे सहा तास. मग तो लेप काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. धुतल्यावर केस काळे. शेवटी लोखंडाचा आणि आंबटपणाचा वास जावा म्हणून सुगंधी तेल आणि सुवासिक पाण्याने स्नान.

वाचताना मी हसले, कारण कोदो म्हणजे आमच्या बैहरकडचं धान्य! आज शहरात “मिलेट” म्हणून महाग विकतात तेच. आणि लोखंडी कढईत आवळा-मेंदी रात्रभर भिजवून ठेवणारी माझी आई यापेक्षा वेगळं काय करत होती? आवळ्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी पोथ्या लिहायची शाईही अशीच व्हायची, हिरड्याची आणि लोखंडाची. म्हणजे ज्या काळ्याने शास्त्र लिहिलं त्याच काळ्याने बायकांनी केस रंगवले.

गेल्या चातुर्मासानंतर आमच्या महिला मंडळाने गावातल्या एका ब्युटिशियनला बोलावलं होतं. गोंदियात शिकलेली, चौदा-पंधरा वर्षं पार्लर चालवणारी मराठी मुलगी. मला वाटलं, चकचकीत बाटल्या मांडेल. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “काळी मेंदी कोण लावतं?” निम्मे हात वर. ती म्हणाली, “काकू, मेंदी काळी नसतेच जी. मेंदीचा रंग तांबडा. पुडीतून काळा रंग आला तर त्यात केमिकल आहे, नाव वाचा.” त्या केमिकलचं नाव पॅराफिनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजेन श्युलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली, तीच आजची लॉरिआल. तेव्हापासून जगभरच्या पक्क्या काळ्या रंगात पीपीडी किंवा त्याचंच भावंड असतं. बहुतेकींना काही होत नाही. काहींना मात्र कपाळ, पापण्या, अख्खा चेहरा सुजतो, आणि एकदा वावडं जडलं की ते जन्मभर सुटत नाही. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही, असंही नाही.

तिने सांगितलेला उपाय साधा आहे. रंगाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, अठ्ठेचाळीस तास थांबायचं. खाज, लाली, पुरळ काही आलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही. “पण आंटी, लग्न उद्या असते आणि बाया आज येतात,” ती म्हणाली. खरं आहे. वराहमिहिराकडे बारा तास बसायची तयारी होती, आपल्याला चाळीस मिनिटांत काळं व्हायचं असतं.

केरॅटिनबद्दलही ती बोलली. केस सरळ करायच्या काही द्रावणांत तापवल्यावर फॉर्मलडिहाइडचा वायू निघतो, डोळे चुरचुरतात, म्हणून ती बंद खोलीत ते करत नाही. आणि केरॅटिन येतं कुठून, तर बहुधा मेंढीची लोकर, खुरं, पिसं यांतून. इथे आमच्या मंडळात कुजबूज सुरू झाली. लिपस्टिक निघाली. तिच्या लाल रंगात कार्माइन असू शकतं, ते निवडुंगावरच्या किड्यांना सुकवून, कुटून काढतात. पाकिटावर ते सी आय ७५४७० किंवा ई १२० अशा आकड्यांत लपलेलं असतं. हे दोन आकडे लिहून ठेवा.

तेवढ्यात एक वयस्क बाई म्हणाल्या, “म्हणून तर आमच्या वेळचा अळताच बरा होता.” इथे मी गप्प बसू शकले नाही. अळता म्हणजे लाक्षारस, लाखेचा रंग. लाख देतो तो किडाच. आमच्या बालाघाट-शिवनीच्या जंगलात पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाख धरतात आणि ती खरवडताना असंख्य जीव जातात. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांत, कर्मादानांत, लाक्षावाणिज्य मुद्दाम घातलं आहे ते याचसाठी. त्याच यादीत केशवाणिज्यही आहे. केस असलेल्या जीवांचा, माणसांचा आणि जनावरांचा व्यापार, असा त्याचा अर्थ करतात. जुनी कुंकवाची तऱ्हा आठवा: फणेरपेटीतून मेणाची डबी काढायची, कपाळावर मेणाचा गोल ठिपका, त्यावर कुंकू. मेण पोळ्याचं. मध वर्ज्य आणि मेण कपाळावर! काही घरांत मेणाऐवजी खोबरेल लावत, ते याच विचाराने. तेव्हा घरगुती आणि जुनं म्हणजे अहिंसक, हे समीकरण मला मान्य नाही.

उलट काही बाबतींत काळ आपल्या बाजूने आला आहे. अंगाच्या साबणात जनावरांची चरबी असायची म्हणून आपल्या पणज्या डाळीचं पीठ आणि रिठ्यावर राहिल्या. १९१८ मध्ये अर्देशीर गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. आणि २०१४ पासून आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे, तशी चाचणी केलेला माल आणायलाही. त्यामागे पुण्याच्या ब्युटी विदाउट क्रुएल्टीसारख्या संस्थांची कित्येक वर्षांची धडपड आहे.

चेहऱ्याच्या मेकअपवर ती थोडंच बोलली. फाउंडेशनचा रंग मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून, दारात उजेडात येऊन बघायचा. आणि आपल्या कातडीपेक्षा उजळ घ्यायचा नाही, नाहीतर मान एक आणि तोंड एक. एवढंच. पण या एवढ्याशा सल्ल्याला मोठा इतिहास आडवा येतो. १९७५ साली फेअर अँड लव्हली आली आणि तिच्या नावातला गोरेपणा जायला २०२० उजाडलं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात सावळी राजकन्या आहे, सतराव्या लेण्यात आरसा हातात धरून शृंगार करणारी आहे. त्या चिताऱ्यांना कुणाला गोरं करावंसं वाटलं नव्हतं.

इतका वेळ लावायच्या गोष्टी झाल्या. काढून घेण्याचा इतिहास सांगितला नाही तर हा लेख अर्धा राहील. नवरा गेला की ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत बाईचं डोकं भादरत. महिन्या-दोन महिन्यांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. १८८२ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त या सगळ्या व्यवस्थेला जाब विचारला. आणि १८९० मध्ये मुंबईत काहीतरी विलक्षण घडलं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं डोकं करायचं नाही असा ठराव झाला. सुधारकांचे लेख, शास्त्रीपंडितांचे वाद चालूच होते, पण ज्याच्या हातात वस्तरा होता तोच नाही म्हणाला. गरीब माणसं होती ती, प्रत्येक डोक्यामागे मिळणारे पैसे सोडले त्यांनी. द्रौपदीच्या अटी मला इथे पुन्हा दिसतात.

आपल्याकडे केशलोच आहे. मुनी आणि आर्यिका माताजी दोन ते चार महिन्यांनी स्वतःच्या हाताने केस उपटतात. बाहेरचे लोक विचारतात, हेही तसंच नाही का? नाही. हात कुणाचा आहे, यातच सगळं आलं. मात्र केशवपन नव्हतं म्हणून आपल्या विधवा सुखात होत्या, असं मी म्हणणार नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, केसांना वासाचं तेल बंद, आरशासमोर उभं राहिलं तरी कुणीतरी बघणार. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या मुलीला, मगनबाईंना, तरुणपणीच वैधव्य आलं. त्यांनी पुढे श्राविकाश्रम काढला, अशा मुलींना शिकवून पायावर उभं केलं. ते खूप मोठं काम. पण रंग, फूल, सुवास यांचा हक्क त्या पिढीने मागितला नाही, शिक्षणच मिळवायचं होतं आधी.

तो हक्क मोठ्याने मागितला गेला तो ४ मे २०२२ ला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनी हा आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं. शिरोळ म्हणजे आपल्या समाजाची मोठी वस्ती असलेला भाग. आम्ही मध्यप्रदेशात, त्यामुळे ते परिपत्रक काही वैनगंगा ओलांडून आलं नाही. बातमी मात्र आली.

मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर माझ्या नात्यातल्या एक मामी मागे थांबल्या. सत्तरीच्या, बावीस वर्षांपूर्वी मामा गेले. खुर्च्या उचलून होईपर्यंत त्या पिशवी आवरत राहिल्या. मग हळूच त्या मुलीला विचारलं, “माझ्यासारखीने लावलं तर चालते का वो?”

तिला वाटलं वयाचं विचारतात. “चालते ना आजी, पण आधी ठिपका लावून बघू.”

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरचा पदर त्यांचा तेवढा मागे केला. तिने कापसाने कानामागे रंगाचा ठिपका लावला, मनगटातल्या घड्याळात वेळ बघितली आणि म्हणाली, “आज बुधवार. शुक्रवारी याच वेळेला या. तोवर कान धुवायचा नाही.”

“वास येईल का घरी कुणाला?” मामींनी विचारलं.

“थोडासा,” ती म्हणाली.

“येऊ दे,” म्हणाल्या आणि पदर न ओढताच ऑटोत बसल्या.