भूकंप थांबला, तरी धक्का का थांबत नाही? पीटीएसडी आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा संबंध काय?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोकांचा जीव गेला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, थेट कर्नाटक सीमेवरच्या दुधनीपर्यंत, भूकंप म्हटलं की आजही किल्लारीच आठवते. पुढे आयसीएमआरने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. मानसोपचारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात सहभाग होता.

अशा आपत्तीतून अनेक जण हळूहळू सावरतात. काहींना मात्र वर्षानुवर्षे ट्रकच्या आवाजानेही धडकी भरते. असं का होतं?

पीटीएसडी म्हणजे काय?

जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, वाईट स्वप्नं पडणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत दचकणं. ही लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?

नावात 'स्ट्रेस' असला तरी हा मनावरचा ताण नव्हे. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा फ्री रॅडिकल्ससारखे घातक रेणूही तयार होतात. ग्लुटाथायोनसारखे अँटिऑक्सिडंट त्यांना आवर घालतात. हा तोल बिघडला की पेशींचं नुकसान होतं.

मेंदूला हा धोका जास्त असतो. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. शिवाय त्यातली चरबी लवकर ऑक्सिडाइझ होते.

दोन्हींचा संबंध कसा?

पीटीएसडीमध्ये शरीराची धोक्याची घंटा वाजतच राहते. झोप उडते, ताणाच्या संप्रेरकांचं गणित बिघडतं, शरीरातला दाह वाढू शकतो. या सगळ्यामुळे घातक रेणू वाढतात. त्याचा फटका आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आणि भीतीशी संबंधित अमिग्डालाला बसत असावा, असं संशोधकांना वाटतं.

तुर्कस्तानातल्या व्हान इथे २०११ मध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेल्या भूकंपग्रस्तांच्या रक्तात मॅलोनडायल्डिहाइड जास्त आढळलं. चरबीचं ऑक्सिडेशन झाल्याची ही खूण. त्याच भूकंपातून गेलेल्या, पण पीटीएसडी नसलेल्या लोकांमध्ये ते तितकं वाढलेलं नव्हतं. म्हणजे हा बदल केवळ भूकंप अनुभवल्याचा नव्हे, तर आजाराशी जोडलेला दिसतो.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या का?

इतकी घाई नको. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. आजारामुळे तोल बिघडतो की बिघडलेल्या तोलामुळे आजार बळावतो, हेही ठरलेलं नाही. धूम्रपान आणि अपुरी झोप यांचाही परिणाम होतो. त्यामुळे पीटीएसडीचं निदान करणारी रक्तचाचणी आज नाही आणि अँटिऑक्सिडंट हा त्यावरचा मान्य उपचारही नाही.

परिणामकारक ठरलेले उपचार वेगळे आहेत: आघातावर केंद्रित समुपदेशन, ईएमडीआर थेरपी आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेली सर्ट्रालीनसारखी औषधं. सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

हे संशोधन अपूर्ण असलं, तरी एक गोष्ट त्यातून पुढे येते. 'मन घट्ट कर' असं सांगून हा आजार जात नाही, कारण तो फक्त मनापुरता नसतो.