कापडाच्या रंगकामापासून प्रथिनांपर्यंत : ईडीटीए आणि जस्तधारी प्रथिनांचा इतिहास

प्रास्ताविक

यंत्रमागांचे शहर ही भिवंडीची सर्वपरिचित ओळख होय. कापड विणून झाल्यावर विरंजन, रंगाई व छपाई या प्रक्रियांत दुष्फेन पाणी ही जुनीच अडचण आहे, कारण पाण्यातील कॅल्शियममुळे रंग डागाळतो. याच अडचणीतून जन्मलेल्या एका रसायनाने पुढे जीवरसायनशास्त्राला कसे वळण दिले, याचा प्रस्तुत निबंधात थोडक्यात आढावा घेतला आहे.

उगम

कापडउद्योगासाठी सायट्रिक आम्लाला पर्याय शोधताना जर्मनीतील आय. जी. फार्बेन या कंपनीतील रसायनज्ञ फर्डिनांड म्युंझ यांनी ईडीटीए तयार केले. १९३५ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज झाला. धातूच्या आयनाला अनेक बाजूंनी पकडणाऱ्या अशा संयुगांना १९२० पासून ‘चिलेट’ ही संज्ञा रूढ झाली होती. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ती घेतलेली आहे. मात्र ही नांगी केवळ कॅल्शियमच धरते असे नाही. जस्ताशी तिचा बंध कॅल्शियमच्या तुलनेत सुमारे ६ लाख पट बळकट असतो.

जस्ताचा शोध

केलिन व मॅन यांनी १९३९-४० मध्ये कार्बोनिक अनहायड्रेज या विकरात जस्त असल्याचे दाखविले. १९५४ साली व्हॅली व न्यूराथ यांनी कार्बोक्सिपेप्टिडेजही जस्तधारी असल्याचे सिद्ध केले. जस्त काढून घेतले की या विकराची क्रिया थांबते व ते परत दिले की क्रिया पूर्ववत होते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. अशा रीतीने चिलेटकारी अभिक्रियाके हे संशोधनाचे साधन बनले. तथापि सर्व प्रथिने सारखीच वागत नाहीत. कार्बोनिक अनहायड्रेजमधील जस्त ईडीटीएला सहजासहजी दाद देत नाही.

साधनच जेव्हा अडथळा ठरते

केंब्रिज येथे ॲरन क्लूग यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंडपेशींतील टीएफथ्रीए हे प्रथिन आरएनएसह शुद्ध करताना ते संयुग विस्कळीत होई. शुद्धीकरणाच्या द्रावणातील डायथायोथ्रायटॉल हे क्षपणक धातूलाही बांधते, हे त्याचे कारण निघाले. ईडीटीएनेही संयुग मोडत असे, आणि जस्त आधीच मिसळल्यास ते टिकत असे. तत्पूर्वी १९८३ मध्ये अन्य संशोधकांनी दर रेणूमागे २ ते ३ जस्त अणू नोंदविले होते. जस्त निसटणार नाही अशी दक्षता घेताच ही संख्या ७ ते ११ भरली. प्रथिनाच्या अमिनो आम्लक्रमात सुमारे ३० घटकांचा नमुना ९ वेळा आढळला आणि १९८५ साली ‘झिंक फिंगर’ ही संकल्पना पुढे आली. द्रावणाकडे दुर्लक्ष झाले असते, तर हा आकृतिबंध दृष्टिआडच राहिला असता.

समारोप

हा धडा आजही लागू आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असते, म्हणून त्या नळीतील रक्तावर अल्कलाइन फॉस्फटेजची चाचणी करीत नाहीत. त्या विकरातील जस्त व मॅग्नेशियम बांधले गेल्याने निष्कर्ष खोटा कमी येतो व रुग्णाच्या यकृताचा किंवा हाडांचा विकार नजरेतून सुटू शकतो. आपल्या महाविद्यालयांत ईडीटीएची ओळख पाण्याच्या दुष्फेनतेच्या अनुमापनापुरतीच राहते. कोणतेही अभिक्रियाक तटस्थ नसते, हे या इतिहासाच्या आधारे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे आवश्यक वाटते.