गेमच्या पेटीशेजारचा जादा डबा

दुकानात एखादी वस्तू आवडली की आपला पहिला प्रश्न असतो, "याच्याबरोबर आणखी काय काय घ्यावं लागेल?" मिक्सर स्वस्त दिसतो, मग कळतं की ज्यूसरचं भांडं वेगळं आहे. आज ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती अमेरिकेतल्या मुलांच्या गेमची. पण तिचं सगळं नशीब याच प्रश्नावर ठरलं.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम कन्सोल अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ ला विक्रीला आला. त्यात साधा डीव्हीडी ड्राइव्ह होता. नेमक्या त्याच काळात सिनेमाच्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क येऊ घातल्या होत्या. डीव्हीडी लाल लेझरने वाचली जाते, या नव्या डिस्क निळसर-जांभळ्या लेझरने. त्या लेझरची तरंगलांबी कमी, म्हणून डिस्कवरच्या खुणा बारीक आणि दाट करता येतात. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. नव्यांपैकी एचडी डीव्हीडीच्या थरात १५ आणि ब्लू-रेच्या थरात २५. पहिलीमागे तोशिबा, दुसरीमागे सोनी आणि तिचे सोबती. एकीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालायची नाही. सिनेमा कंपन्याही वाटल्या गेल्या: युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे; डिस्ने, फॉक्स आणि सोनीचे चित्रपट ब्लू-रेकडे; वॉर्नर दोन्ही काढायची. आपल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आठवतात ना? तिनेही आधी सोनीच्याच बीटामॅक्सला असंच हरवलं होतं.

मायक्रोसॉफ्ट तोशिबाच्या बाजूची. पण तिने नवा ड्राइव्ह कन्सोलच्या आत न घालता बाहेरचा डबा करून विकला. तो ७ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत १९९.९९ डॉलरला आला, सोबत रिमोट आणि सुरुवातीला 'किंग काँग' चित्रपटाची डिस्क. डबा यूएसबीच्या वायरने कन्सोलला जोडायचा आणि त्याला विजेचा अडॅप्टर वेगळा. टीव्हीखाली आधीच वायरींचं जाळं, त्यात ही भर! डबा फक्त डिस्क वाचायचा, चित्र उलगडायचं काम कन्सोल करायचा. गेम मात्र साध्या डीव्हीडीवरच राहिले. 'लॉस्ट ओडिसी' हा गेम तर चार डीव्हीडींवर आला. म्हणजे ज्याला फक्त खेळायचं होतं, त्याला या डब्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्याच महिन्यात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, पोटात ब्लू-रे घेऊनच. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. लोकांनी नाकं मुरडली. निळ्या लेझरचा भाग पुरेसा मिळेना, म्हणून युरोपातली विक्री सोनीला मार्च २००७ पर्यंत ढकलावी लागली. आता जरा बेरीज करा. एक्सबॉक्सचा पूर्ण संच ३९९ डॉलर आणि डबा २०० डॉलर, म्हणजे ५९९. साधा संच २९९ आणि डबा, म्हणजे ४९९. दोन्हीकडे आकडा तोच! फरक एवढाच की एका दुकानात विचारलं जात होतं, "हवंय का?" आणि दुसऱ्या दुकानात न विचारताच पिशवीत घातलं जात होतं.

घर चालवणारी म्हणून मला पहिलं दुकान जास्त प्रामाणिक वाटतं. ज्याला सिनेमा पाहायचा नाही, त्याने त्याचे पैसे का द्यावेत? पण सिनेमा कंपन्यांनी प्रामाणिकपणा मोजला नाही, यंत्रं मोजली. विकला गेलेला प्रत्येक प्लेस्टेशन ३ हा ब्लू-रे प्लेअर होताच, मालकाच्या मनात असो वा नसो. वेगळा डबा घेणारे मोजकेच.

तोशिबाने हातपाय खूप मारले. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट फक्त एचडी डीव्हीडीकडे आली. नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्याही खाली विकला, म्हणजे अख्खं यंत्र त्या डब्यापेक्षा स्वस्त! तरी डिस्क ब्लू-रेच्याच जास्त खपत होत्या. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं आणि खेळ संपला. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स आणि वॉलमार्टनेही पाठ फिरवली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने डबा बंद केला आणि उरलेला माल ४९.९९ डॉलरला काढला. पहिल्या दिवाळीला वस्तू घेणाऱ्याने चौपट दिले, असंच म्हणायचं. डिस्क चालत राहिल्या, पण जोवर तो ड्राइव्ह चालेल तोवरच. नवा मिळायची सोय नाही.

२०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यात मुकाट्याने ब्लू-रे ड्राइव्ह बसवला.

आणि सोनी? आता सिनेमे आणि गेम बरेचसे इंटरनेटवरून येतात. २०२४ मध्ये तिने ६९९.९९ डॉलरचा प्लेस्टेशन ५ प्रो काढला, डिस्क ड्राइव्हशिवाय. तारीख ७ नोव्हेंबर, मायक्रोसॉफ्टच्या डब्यानंतर बरोबर १८ वर्षांनी. डिस्क लावायची असेल तर ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा, आणि तो पहिल्यांदा बसवताना इंटरनेट लागतंच.