महाड व पोलादपूर परिसरातील निवासी शालेय शिक्षण

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके आहेत. येथील मुले शालेय शिक्षणासाठी घराबाहेर राहतात ती प्रामुख्याने तीन ठिकाणी: आंबेनळी घाटापलीकडे पाचगणीच्या खासगी शाळांत, माणगाव तालुक्यातील निजामपूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात, किंवा शासकीय वसतिगृहे व आश्रमशाळांत. साताऱ्याची सैनिक शाळा हा आणखी एक पर्याय आहे. खर्च, प्रवेशाची पद्धत आणि मुलाच्या वाट्याला येणारे जीवन या तिन्ही बाबतींत हे पर्याय एकमेकांपासून फार दूर आहेत.

पार्श्वभूमी

मराठीत ‘बोर्डिंग’ या शब्दाला दोन इतिहास आहेत. एक ब्रिटिश पब्लिक स्कूलचा. एकोणिसाव्या शतकात रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अर्नल्ड यांच्या काळात रूढ झालेली वरिष्ठ विद्यार्थ्यांकडे शिस्त सोपविण्याची पद्धत, ‘हाउस’ची रचना आणि खेळांचा आग्रह या गोष्टी वसाहतींत पोहोचल्या. दुसरा इतिहास वसतिगृह चळवळीचा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याआधीच, १९२५ मध्ये, सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. पहिल्या परंपरेत पालक शाळा निवडतो. दुसरीत शाळेपर्यंत पोहोचणे हाच मुख्य प्रश्न होता. महाड–पोलादपूरमध्ये आजही या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात.

पाचगणी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि पाचगणी त्याच्या पुढे आहे. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविलेल्या या थंड हवेच्या ठिकाणी १८९० च्या दशकात युरोपीय मुलामुलींसाठी किमिन्स हायस्कूल सुरू झाले. १९०२ मध्ये त्यातील मुलांचा विभाग वेगळा झाला. तीच आजची सेंट पीटर्स स्कूल. गायक फ्रेडी मर्क्युरी मूळच्या फारुख बलसारा या नावाने १९५० च्या दशकात याच शाळेत झांझिबारहून शिकायला आला होता. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चे आहे. पुढे पारशी, मुस्लिम व हिंदू समाजांनी आपापल्या निवासी शाळा काढल्या. त्यांपैकी संजीवन विद्यालय १९२२ चे आहे. न्यू एरा स्कूल ही बहाई पंथीयांची शाळा १९४५ ची.

अंतर कमी असले तरी शुल्कामुळे या शाळा परिसरातील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत.

नवोदय विद्यालय

नवोदय योजनेतील पहिली दोन विद्यालये १९८५–८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. सहावीच्या वर्गासाठी जिल्हा पातळीवर प्रवेश परीक्षा होते आणि ती मराठीतूनही देता येते. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना मिळतात. निवास, भोजन, गणवेश व पुस्तके विनामूल्य असतात. नववीपासून विकास निधी आकारला जातो, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना त्यात सूट आहे.

पोलादपूरच्या कुटुंबांच्या दृष्टीने या नियमांतील दोन अटी निर्णायक ठरतात. मूल त्याच जिल्ह्यात राहणारे व तेथेच पाचवीत शिकणारे असावे लागते. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण व्हावी लागतात. चाकरमानी वडिलांबरोबर चौथीत मुंबईला गेलेले मूल गावी परतले, तरी ग्रामीण जागेचा हक्क गमावते. वाडीवरील कमी पटाची जिल्हा परिषद शाळा सोडून मुलाला महाड शहरातील शाळेत घालणाऱ्यांनाही हेच लागू होते. सहावीची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, त्यामुळे हे गणित तिसरीतच मांडावे लागते. अनेक पालकांना ते पाचवीत कळते.

अन्य पर्याय

सातारा सैनिक शाळा (१९६१) ही देशातील पहिली सैनिक शाळा होय. तेथे सहावी व नववीला अखिल भारतीय परीक्षेने प्रवेश मिळतो. २०२१ पासून मुलींनाही प्रवेश आहे. वीटभट्टी व कोळशाच्या भट्टीच्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांकरिता आश्रमशाळा असतात. त्यांचा कारभार पेण येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. येथे ‘निवड’ हा शब्द तसा सैलच ठरतो, कारण आईवडील भट्टीवर गेल्यावर मुलाला दुसरे घर नसते.

प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये मूल पाठविण्यासाठी ४ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि तो खासगी शाळेच्या प्रायोजकत्वावरच मिळतो. जानेवारी २०२५ पासून तेथील खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आहे.

निवडीतील विचार

लहान वयात घर सुटण्याच्या परिणामांवर ब्रिटनमध्येच गंभीर टीका झाली आहे. मानसोपचारतज्ज्ञ जॉय शॅव्हेरियन यांनी अशा प्रौढांमध्ये आढळणाऱ्या भावनिक अलिप्ततेला ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असे नाव दिले. माहितीपत्रकातील मैदाने व घोडेस्वारी यांपेक्षा रात्री मुलाला ताप आल्यास जागे कोण असते, अधीक्षक आवारातच राहतात का, घरी फोन किती वेळा करू देतात, मोठ्या मुलांच्या जाचाची तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा वसतिगृहांनाही लागू आहे. शिक्षण मंडळ कोणते, हेही पाहावे लागते. केंद्रीय मंडळातून मध्येच राज्य मंडळाच्या शाळेत परतणाऱ्या मुलाला मराठीचा अभ्यास जड जाऊ शकतो.

या परिसरापुरता आणखी एक निकष पावसाळ्याचा. आंबेनळी घाट दरडी कोसळून वारंवार बंद पडतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड शहर पुराखाली गेले, तेव्हा पोलादपूर–महाबळेश्वर मार्गही तुटला होता. जूनमध्ये पाचगणीला सोडलेल्या मुलाकडे अशा वेळी जायचे, तर कोकणातून वरंधा किंवा ताम्हिणी घाटाचा वळसा घ्यावा लागतो, आणि पावसात त्या वाटाही खात्रीच्या नसतात.