गोंडपिपरीत दारू सुरू, नदीपलीकडे बंद! असं का?

गोंडपिपरीहून आष्टीकडे जाताना वैनगंगेचा पूल लागतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, इथे परवानाधारक दुकानात दारू मिळते. पलीकडे गडचिरोली, तिथे १९९३ पासून दारूबंदी.

चंद्रपुरातही महिलांच्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणं पुढे आली. दारू जीएसटीबाहेर असल्याने तिचं उत्पादन शुल्क थेट राज्याच्या तिजोरीत जातं. बंदी मागणाऱ्या बायकांच्या घरातून दारूवर जाणारी मजुरी मात्र या हिशेबात धरली जात नाही.

आणि हो, बंदी नसलेल्या जिल्ह्यातही १९४९ च्या कायद्यानुसार दारू पिणाऱ्याला स्वतःचा परवाना लागतो. किती जणांच्या खिशात तो असतो?