खाडीतल्या पक्ष्यांची मोजदाद

ठाण्याला जाता-येता कशेळीच्या पुलाखाली आपल्याला उल्हासची खाडी दिसते. तिचा मोठा प्रवाह वसईकडे जातो, आणि ठाण्यापाशी एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाणे खाडीला मिळतो. त्या ठाणे खाडीत 2015 साली राज्य सरकारनं रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य जाहीर केलं. या पाण्याला हा दर्जा मिळाला कसा आणि तेवढ्यानं भागतं का, हे आज आपण पाहू.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली स्थापन झाली. सुरुवातीचा भर नमुन्यांवर होता: पक्षी टिपायचा, कातडं जपून ठेवायचं, नोंद करायची. त्यातून जात कळते, पण पक्षी पुढे कुठे जाणार होता ते कळत नाही. म्हणून सालिम अलींनी 1959 पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. त्याला मदत होती जागतिक आरोग्य संघटनेची. तिला पक्ष्यांत रस कसला? तर पक्ष्यांबरोबर गोचिडी आणि रोग दूरवर जातात का, हे तिला हवं होतं. कड्यावर क्रमांक आणि संस्थेला कळवण्याची विनंती असे. म्हणजे कुणाला पक्षी सापडला आणि त्यानं पत्र टाकलं, तरच माहिती!

शिवडी-ठाण्याच्या चिखलावर रोहित मोठ्या संख्येनं दिसू लागले ते 1990च्या दशकात. अभ्यासक याचा संबंध सांडपाण्याशी जोडतात. सांडपाण्यानं शेवाळ वाढतं, आणि तेच लहान रोहिताचं मुख्य अन्न. वर्षानुवर्षांच्या मोजणीतून या खाडीचं महत्त्व सिद्ध झालं. 1,690 हेक्टरचं अभयारण्य झालं, त्यातली 896 हेक्टर तिवरं. 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीतही आली.

त्याच वर्षी सोसायटीनं सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रं बसवली. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव दिलेला एक रोहित थेट गुजरातेत भावनगरला पोचला. आता पत्राची वाट पाहायला नको.

पण या निरीक्षणातली मोठी गोष्ट जवळचीच आहे. ओहोटीला पक्षी चिखलावर चरतात. भरतीला चिखल बुडाला की ते नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला जातात, आणि त्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भराव पडला, तर आतलं संरक्षण अर्धंच उरतं. हद्द कागदावर आखता येते. पक्षी मात्र भरती-ओहोटी बघून चालतो.

आपल्या काल्हेर-कशेळीच्या बाजूलाही तिवरं आहेत, चिखल आहे, आणि गोदामं पसरतायत. इथे कुठले पक्षी येतात, कधी येतात, याची नोंद असेल तरच उद्या कुणाला काही म्हणता येईल. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो. आपण वही आणि दुर्बीण घेऊन तेव्हापासून सुरुवात करायला हरकत नाही.