जुनी गाडी, नवे पेट्रोल

गेल्या दसऱ्याला आष्टीहून पुण्याला पुतण्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे १९५२ सालची एमजी टीडी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, १२५० सीसीची इंग्रजी स्पोर्ट्स कार. टाकी फुल्ल भरून ती पावसाळाभर उभीच होती. पूजा झाली, हार घातला, इंजिन सुरू केले आणि मला पेट्रोलचा वास आला. "अरे, बंद कर आधी!" मी ओरडलो. बघतो तर रबरी पाइप मऊ पडून चिरलेला, थेंब थेंब गळती चालू. आणि चार हातांवर पूजेचे निरांजन तेवत होते!

"काका, तुमच्या नाकाने वाचवलं," पुतण्या म्हणाला.

घरी येऊन वाचत बसलो. इंधन बदलले की जुन्या गाडीवर संक्रांत येते, हे काही पहिल्यांदा घडत नाही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून इंजिनाची ठकठक थांबवली. त्या काळच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशामुळेच टिकत. पण शिसे मुलांच्या मेंदूला घातक. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जुन्या गाड्यांना टणक बैठका बसवाव्या लागल्या. मुले वाचली, सौदा स्वस्तच म्हणायचा.

मग आले इथेनॉल. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये १० आणि २०२५ मध्ये २० टक्के. ते हवेतले पाणी ओढते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसते, पत्रा गंजतो. जुन्या पद्धतीचे रबरही त्याला टिकत नाही.

गंमत अशी, की यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर मी नावे कशाला ठेवू? पण हौशी माणूस नवा पाइप सहज घालील. ज्याच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची जुनी मोटारसायकल आहे, त्याला हे सांगणार कोण?

म्हणून हा लेख. जुन्या गाडीचा रबरी पाइप आजच हाताने दाबून बघा. मऊ किंवा चिरलेला वाटला तर लगेच बदला. गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा. आणि पूजा करताना निरांजन जरा लांबच ठेवा.

असो.